ऑनलाइन अभ्यासाचं सबस्क्रिप्शन: ॲप कसं आहे ते नंतर बघा, आधी बाहेर पडायचा रस्ता बघा

दहावी-बारावीचे निकाल लागतात, नव्या वर्षाच्या वह्या-पुस्तकांची खरेदी सुरू होते आणि त्याच दिवसांत पालकांच्या मोबाईलवर अनोळखी नंबरवरून फोन यायला लागतात. समोरचा माणूस गोड बोलतो. मुलाची इयत्ता त्याला माहीत असते. तो फक्त एक 'फ्री डेमो' मागतो. डेमो संपला की विषय निघतो वर्षाच्या किंवा दोन वर्षांच्या पॅकेजचा, सोबत मिळणाऱ्या टॅबचा आणि 'सोप्या हप्त्यांचा'.

पूर्वी हे शहरापुरतं होतं. आता प्रत्येक गावात स्मार्टफोन आहे, त्यामुळे हे फोन वाडी-वस्तीवरही येतात. गावातल्या घराला ही रक्कम लहान नाही. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. समजा एखादं पॅकेज २० हजारांचं आहे, तर हमीभावाने विकलेल्या जवळपास पावणेचार क्विंटल सोयाबीनचे पैसे त्यात गेले. बाजारात भाव त्याहून खाली असेल तर आणखी जास्त. तेव्हा ही खरेदी बियाणं किंवा मोटार घेताना करतात तशीच, पारखून करायला हवी.

मात्र पारखायचं काय, याबाबत बहुतेक घरांत गल्लत होते. पालक ॲपवरचे व्हिडिओ बघतात. ते रंगीत असतात, शिकवणारा छान बोलतो, मूल खूश होतं आणि सौदा ठरतो. खरं तर व्हिडिओ चांगले असणं ही आता फार मोठी गोष्ट राहिली नाही, चांगले व्हिडिओ फुकटही मिळतात. तपासायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. ॲप आपल्या मुलाच्या पुस्तकाचं आहे का? मूल जिथे अडलंय तिथून ते सुरू होतं का? शंका विचारली तर उत्तर कोण देतं? आणि नको वाटलं तर पैसे थांबवता येतात का? यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा.

मोठं नाव होतं, तरी काय झालं

'बायजूज'चं उदाहरण समोर आहे. २०११ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीने २०१५ मध्ये ॲप आणलं. भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवर तिचं नाव झळकलं. २०२२ मध्ये कंपनीची किंमत २२ अब्ज डॉलर धरली गेली. त्याच वर्षाच्या अखेरीस फुटबॉलपटू मेस्सी तिच्या मोहिमेचा चेहरा झाला.

त्याच डिसेंबरात राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने कंपनीच्या प्रमुखांना हजर राहायला सांगितलं. पालकांना आग्रह करून, कर्जाच्या करारात अडकवून कोर्स विकले जात असल्याच्या बातम्या आल्या होत्या. कंपनीने हे आरोप नाकारले. पुढे कंपनीच आर्थिक अडचणीत आली. क्रिकेट नियामक मंडळाची सुमारे १५८ कोटींची थकबाकी होती. त्या प्रकरणात जुलै २०२४ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने तिच्याविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू केली.

यावरून सगळीच ॲप फसवी, असा अर्थ काढायचं कारण नाही. पण टीव्हीवर जाहिरात आहे, मोठा खेळाडू आहे, म्हणून कंपनी दोन-तीन वर्षं टिकेलच असं नाही, एवढं यातून नक्की कळतं. तीन वर्षांचे पैसे आज भरले आणि कंपनी दीड वर्षात डगमगली, तर उरलेल्या दीड वर्षाचं काय? दिवाळखोरीत वसुलीसाठी बँका आणि मोठे देणेकरी रांगेत असतात. त्या रांगेत गावातला पालक कुठे उभा राहणार?

म्हणून पहिला साधा नियम: जितक्या कमी काळाचे पैसे आगाऊ भरता येतील तितके बरे. महिन्याचा प्लॅन वर्षाच्या प्लॅनपेक्षा हिशेबाने महाग दिसतो. पण मुलाने दुसऱ्याच महिन्यात ॲप उघडणं सोडलं, तर तोच स्वस्त पडतो.

ॲप नेमकं काय विकतं

'ऑनलाइन क्लास' या एका नावाखाली चार-पाच वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिली, आधीच रेकॉर्ड केलेले व्हिडिओ. दुसरी, ठरलेल्या वेळी होणारा लाइव्ह तास. तिसरी, शंका सोडवणं, म्हणजे गणिताचा फोटो काढून टाकायचा आणि उत्तर घ्यायचं. चौथी, सराव परीक्षा. पाचवी, मुलाच्या मागे लागणारा 'मेंटॉर', जो आठवड्याला फोन करून अभ्यास विचारतो.

रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओंसाठी मोठी रक्कम मोजण्यात आता फारसा अर्थ नाही, कारण यूट्यूबवर तेच विषय शिकवणारे अनेक शिक्षक आहेत. 'फिजिक्सवाला'सारखी मोठी कंपनीही यूट्यूबवरच्या फुकट तासांतूनच उभी राहिली. पैसे द्यायचेच असतील तर ते लाइव्ह तासातल्या प्रश्नोत्तरांना, तपासून मिळणाऱ्या सराव परीक्षांना आणि माणसाने दिलेल्या शंकेच्या उत्तराला द्यावेत. पॅकेज घेताना विक्रेत्याला सरळ विचारावं, 'यात यूट्यूबवर नाही असं काय आहे?' या प्रश्नाचं धड उत्तर मिळालं नाही, तर सौदा तिथेच थांबवावा.

पहिली कसोटी: पुस्तक कोणाचं, भाषा कोणती

बरीच मोठी ॲप देशभरासाठी बनलेली आहेत. त्यांचा पाया सीबीएसईचा अभ्यासक्रम असतो आणि शिकवणं बहुतेक हिंदी-इंग्रजीत असतं. आपल्या तालुक्यातल्या जिल्हा परिषद किंवा अनुदानित शाळेतल्या मुलाच्या हातात मात्र बालभारतीचं पुस्तक आहे.

फरक किती पडतो? राज्य मंडळाच्या दहावीत गणिताचे दोन पेपर असतात, बीजगणित ४० गुणांचा आणि भूमिती ४० गुणांचा. सीबीएसईत गणिताचा एकच ८० गुणांचा पेपर असतो. धड्यांचा क्रम वेगळा, प्रश्न विचारायची पद्धत वेगळी. भाषेचं तर विचारूच नका. मराठी माध्यमातला मुलगा 'अंकगणिती श्रेढी' आणि 'समरूपता' शिकतो. ॲपवर 'अरिथमेटिक प्रोग्रेशन' आणि 'सिमिलॅरिटी' येतं. हुशार पोरगं सांगड घालतं. अडखळणारं पोरगं तिथेच गप्प बसतं, आणि घरच्यांना वाटतं की अभ्यास चाललाय.

बारावीनंतरच्या परीक्षांतही हेच आहे. नीटमध्ये चुकीच्या उत्तराला एक गुण कापला जातो. एमएचटी-सीईटीत गुण कापले जात नाहीत. त्यामुळे नीटच्या सरावात 'खात्री नसेल तर सोडून दे' ही सवय लागते, तर सीईटीत एकही प्रश्न सोडायचा नसतो. सीईटीचा पेपर राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीच्या अभ्यासक्रमावर असतो, साधारण २० टक्के अकरावीचा आणि ८० टक्के बारावीचा. ज्या मुलाला इंजिनिअरिंग, फार्मसी किंवा कृषीला राज्यातल्याच कॉलेजात जायचंय, त्याच्यासाठी फक्त जेईई-नीटचं महागडं पॅकेज घेणं म्हणजे गहू पेरायचा असताना हरभऱ्याचं बियाणं आणण्यासारखं आहे.

तपासायचा उपाय सोपा आहे. मुलाचं बालभारतीचं पुस्तक हातात घ्यायचं, अनुक्रमणिका उघडायची आणि डेमोच्या वेळी विचारायचं, 'हे तीन धडे मराठीतून दाखवा.' 'लवकरच येणार आहे' हे उत्तर 'नाही' असंच समजायचं.

दुसरी कसोटी: पोरगं कुठे अडलंय

'असर' हा ग्रामीण शिक्षणाचा देशव्यापी पाहणी अहवाल आहे. त्याच्या २०२३ च्या अहवालात १४ ते १८ वयोगटातली निम्म्याहून जास्त मुलं तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागताना अडखळत होती. साधारण चौथ्या मुलाला आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा उताराही सलग वाचता येत नव्हता.

आता असा विचार करा. नववीतल्या ज्या मुलाला भागाकार पक्का येत नाही, त्याला नववीचं बीजगणित कितीही सुंदर ॲनिमेशनमध्ये दाखवलं तरी ते समजणार कसं? त्याची अडचण चौथी-पाचवीत राहून गेलेली आहे आणि ॲप नववीपासून सुरू होतं. अशा मुलाला २० हजारांच्या पॅकेजपेक्षा रोज अर्धा तास समोर बसवून भागाकार, अपूर्णांक आणि वाचन करून घेणारा माणूस जास्त उपयोगी पडेल. गावातली एखादी शिकलेली ताई, कॉलेजला जाणारा चुलतभाऊ, नाहीतर शाळेतले गुरुजी हे करू शकतात.

'असर'च्या २०२४ च्या अहवालात आणखी एक आकडा आहे. ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांतल्या ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासाच्या कामासाठी वापरला होता. सोशल मीडियासाठी वापरणारे ७६ टक्के होते. म्हणजे फोन घरात आहे आणि मुलाला तो येतोही, पण तेवढ्यावर अभ्यास होत नाही. अभ्यासासाठी दिलेला फोन रात्री अकरा वाजता कशासाठी चालतो, हे प्रत्येक घराने स्वतःच बघायचं आहे.

त्यात गावच्या अडचणी वेगळ्याच. घरात फोन एक, तोही दिवसभर बापाबरोबर शेतात. संध्याकाळी सातचा लाइव्ह तास असतो आणि नेमकी तेव्हाच लाइट जाते. रेंजसाठी गच्चीवर किंवा देवळाच्या पारावर जावं लागतं. चांगल्या क्वालिटीत एक तासाचा व्हिडिओ एक जीबीच्या आसपास डेटा खातो, म्हणजे रोजच्या पॅकमधला डेटा एक-दोन तासांत संपतो. म्हणून ॲपमध्ये धडा डाउनलोड करून नंतर बिननेटचा बघता येतो का, आणि चुकलेल्या लाइव्ह तासाचं रेकॉर्डिंग मिळतं का, हे विचारलंच पाहिजे.

तिसरी कसोटी: उत्तर मिळतं की शिकवलं जातं

शंका सोडवणारी ॲप पोरांना फार आवडतात. प्रश्नाचा फोटो टाकला की काही सेकंदांत पायऱ्यांसह उत्तर येतं. गृहपाठ पूर्ण होतो, वही भरते आणि गुरुजींची सहीही मिळते. पण परीक्षेत फोन नसतो.

तयार उत्तरं विकण्याच्या धंद्याचं काय होतं, हे अमेरिकेतल्या 'चेग' या कंपनीकडे बघून कळतं. ही कंपनी महिन्याच्या वर्गणीवर कॉलेजच्या मुलांना प्रश्नांची सोडवलेली उत्तरं देते. ती उत्तरं लिहिणाऱ्यांत भारतातले पदवीधरही मोठ्या संख्येने होते. मे २०२३ मध्ये कंपनीने कबूल केलं की चॅटजीपीटीमुळे नवे ग्राहक येणं कमी झालंय. एका दिवसात तिच्या शेअरचा भाव जवळपास निम्मा झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने तिच्यावर कारवाई केली. वर्गणी बंद करणं ग्राहकांना अवघड करून ठेवलं, हा ठपका होता. कंपनीने ७५ लाख डॉलर भरायचं मान्य केलं.

यातून आपल्यासाठी दोन गोष्टी निघतात. एक, नुसतं उत्तर आता जवळजवळ फुकट झालंय, त्याला हजारो रुपये देऊ नका. दुसरी, वर्गणी सुरू करायला एक बटण आणि बंद करायला दहा दारं, हा खेळ जगभर चालतो.

चॅटजीपीटी, जेमिनीसारखी एआयची साधनं मुलांच्या हातात आली आहेतच. त्यांच्यावर बंदी घालून उपयोग नाही. पण ती चुकीचं उत्तरही तितक्याच ठामपणे देतात, हे मुलाला सांगून ठेवावं. 'उत्तर दे' असं न म्हणता 'पहिली पायरी सांग, पुढचं मी करतो' असं विचारायला शिकवलं, तर तोच फोन शिकवणीच्या कामाला येतो. अशा साधनांच्या मोफत योजना येतात तेव्हा काही ठिकाणी कार्ड किंवा यूपीआय आधीच जोडून घेतलं जातं. मोफत काळ संपला की पैसे आपोआप कापले जातात. ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

ॲपच्या शंका विभागाची परीक्षा घरीच घेता येते. ट्रायलच्या दिवसांत संध्याकाळी आठ-नऊच्या सुमाराला पाठ्यपुस्तकातला एक अवघड प्रश्न मराठीतून टाकायचा. उत्तर किती वेळात येतं, माणूस देतो की मशीन, आणि मुलाने 'कळलं नाही' म्हटल्यावर पुन्हा वेगळ्या पद्धतीने समजावलं जातं की तेच उत्तर परत येतं, हे बघायचं.

चौथी कसोटी, आणि सगळ्यात मोठी: पैसे

गावातली घरं फसतात ती इथे. पैसे देण्याचे तीन प्रकार असतात आणि तिन्हींचा धोका वेगळा आहे.

पहिला प्रकार एकदम रोख किंवा यूपीआयने भरण्याचा. यात पावती महत्त्वाची. कंपनीचं नाव, जीएसटी क्रमांक, कोर्सचं नाव आणि मुदत लिहिलेलं पक्कं बिल घ्या. एजंटच्या खासगी नंबरवर पैसे टाकू नका.

दुसरा प्रकार ऑटो-पेचा. यात दर महिन्याला किंवा वर्षाला पैसे आपोआप कापले जातात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार असे पैसे कापण्याआधी किमान २४ तास सूचना यायला हवी आणि ग्राहकाला ते कधीही बंद करता यायला हवं. १५ हजारांपर्यंतच्या साध्या वर्गणीला दर वेळी ओटीपी लागत नाही, त्यामुळे तो मेसेज वाचलाच गेला नाही तर पैसे गेले. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. फोनमधून ॲप काढून टाकलं म्हणजे ऑटो-पे बंद होत नाही. फोनपे, गूगल पे, भीम यांपैकी ज्या ॲपमधून ते चालू केलं, तिथे ऑटो-पेच्या यादीत जाऊन ते रद्द करावं लागतं. कार्डावर असेल तर बँकेकडून रद्द करावं लागतं.

तिसरा प्रकार हप्त्याचा, आणि सगळ्यात जपून राहायचं ते याच्यापासून. विक्रेता 'महिना फक्त दोन हजार' म्हणतो. पालकाला वाटतं, शिकवणीची फी महिन्याला भरतोय. प्रत्यक्षात अनेकदा आधार, पॅन आणि ओटीपी घेऊन एखाद्या वित्त कंपनीचं कर्ज काढलेलं असतं. त्या कंपनीने पूर्ण रक्कम ॲपवाल्याला देऊन टाकलेली असते. पालक आता विद्यार्थ्याचा बाप राहत नाही, कर्जदार होतो.

हिशेब करून बघा. समजा पॅकेज ३६ हजारांचं आहे आणि दोन हजारांचे १८ हप्ते आहेत. मुलाने तीन महिन्यांत ॲप सोडलं. तोपर्यंत सहा हजार गेले. उरलेले १५ हप्ते, म्हणजे ३० हजार, तरीही भरावे लागतात, कारण कर्ज देणाऱ्याचा क्लासशी संबंध नसतो. 'आम्ही क्लास बंद केला' असं सांगून हप्ता थांबवला तर कर्ज थकीत दिसतं आणि सिबिल स्कोअर खाली येतो. पीककर्जासाठी सिबिलची सक्ती करू नका, असं राज्य सरकारने बँकांना वारंवार बजावलंय. पण उद्या ट्रॅक्टर, घर, दुचाकी किंवा मुलीच्या इंजिनिअरिंगच्या शिक्षणासाठी कर्ज काढायला गेलं तर बँक स्कोअर बघतेच. नववीतल्या मुलाचं न चाललेलं ॲप असं पुढच्या मोठ्या कर्जाच्या आड येऊ शकतं.

'नो कॉस्ट ईएमआय' या शब्दालाही भुलू नका. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सुनावलं होतं. व्याज किमतीत मिसळलेलं असतं किंवा प्रोसेसिंग फीमध्ये लपलेलं असतं. रोखीने घेतलं तर किती आणि हप्त्याने किती, हे दोन्ही आकडे लिहून मागा.

डिजिटल कर्ज देताना कर्जाची मुख्य माहिती एका पत्रकात द्यावी लागते. व्याज, फी, एकूण परतफेड हे सगळं त्यात असतं. शिवाय कर्ज घेतल्यावर किमान एक दिवसाची मुदत मिळते. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च परत करून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. ही मुदत फार छोटी आहे. म्हणून ओटीपी सांगण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: 'हे कर्ज आहे का? कोणत्या कंपनीचं?'

'आजच ऑफर संपते'

'आज रात्री बारापर्यंतच सूट', 'तुमच्या तालुक्यात दोनच जागा शिल्लक', 'पोराच्या भविष्यासाठी एवढंही करणार नाही का?' ही वाक्यं ऐकली की पाकीट खिशात ठेवावं. खोटी घाई करणं, ग्राहकाला लाज वाटायला लावणं आणि वर्गणीच्या जाळ्यात अडकवणं हे प्रकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत अनुचित ठरवले आहेत. अशा १३ प्रकारांची यादीच त्यात आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठीही सूचना आल्या. ऑनलाइन शिकवणारेही त्यात येतात. 'शंभर टक्के निवड', 'नोकरीची हमी' असे दावे करता येत नाहीत. यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो वापरायचा तर त्याची संमती लागते आणि त्याने नेमका कोणता कोर्स घेतला होता तेही सांगावं लागतं. कारण नीटला चमकलेल्या मुलाने कदाचित तिथे फक्त शेवटची सराव परीक्षाच दिलेली असते.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयानेही डिसेंबर २०२१ मध्ये पालकांना सावध केलं होतं. ऑटो-डेबिटला सहज मान्यता देऊ नका, यशोगाथा खात्री केल्याशिवाय खऱ्या मानू नका, अटी वाचा, असं त्यात होतं. त्या सूचना आजही तितक्याच लागू पडतात.

फुकट काय मिळतं, ते आधी वापरा

बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये मोफत आहेत. पुस्तकांवर जो क्यूआर कोड असतो तो 'दीक्षा' ॲपने स्कॅन केला की त्या धड्याचं साहित्य उघडतं आणि डाउनलोडही करता येतं. 'पीएम ई-विद्या'चे शैक्षणिक चॅनेल डीडी फ्री डिशवर दिसतात, म्हणजे नेट नसलं तरी चालतं. जेईई-नीटच्या तयारीसाठी आयआयटी कानपूरच्या मदतीने चालणारं 'साथी' हे सरकारी पोर्टल मोफत आहे.

ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी नागपूरची 'महाज्योती' ही संस्था दहावीनंतर जेईई, नीट आणि सीईटीचं मोफत ऑनलाइन प्रशिक्षण देते. निवड झालेल्यांना टॅब आणि इंटरनेट डेटाही मिळतो. बार्टी आणि सारथी या संस्थांच्याही आपापल्या प्रवर्गांसाठी योजना असतात. अर्जाची तारीख चुकली की वर्ष जातं, म्हणून दहावीचा निकाल लागताच शाळेत किंवा महा ई-सेवा केंद्रात चौकशी करावी.

यांतलं सगळंच उत्तम आहे असं नाही. सरकारी व्हिडिओ काही वेळा रटाळ असतात, ॲप अडकतं. पण महिनाभर हे वापरून बघितलं की एक गोष्ट पक्की कळते: मूल स्वतःहून फोनवर शिकायला बसतं का? फुकटच्या साधनावर जे मूल रोज पाऊण तास बसत नाही, ते पैसे भरल्यावर बसेल याची शक्यता फार कमी.

मग घ्यावं कोणी, थांबावं कोणी

काही घरांना अशा सबस्क्रिप्शनचा खरोखर फायदा होतो. गावच्या ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्राला शिक्षक नाही, लातूर-पुण्याला ठेवायची ऐपत नाही, मुलगी हुशार आहे पण संध्याकाळच्या एसटीने तालुक्याहून एकटी परतणं घरच्यांना नको वाटतं. अशा अकरावी-बारावीच्या मुलांना थोडक्या पैशांतली लाइव्ह बॅच आणि सराव परीक्षा मोठा आधार देऊ शकते. लातूर-पुण्याच्या वसतिगृह आणि क्लासच्या खर्चासमोर ती रक्कम कमीच असते. अट एवढीच, की मुलाला स्वतःहून बसायची सवय हवी आणि ठरलेल्या वेळी फोन त्याच्याच हातात हवा.

पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी मात्र महागडं पॅकेज शक्यतो टाळलेलं बरं. या वयात वाचन, लेखन आणि पाढे पक्के व्हायला समोर माणूस लागतो. नववी-दहावीला घ्यायचंच असेल तर सगळे विषय न घेता जो एक विषय अडतो तेवढाच घ्यावा, तोही महिन्याच्या बोलीवर.

निर्णय घेण्याआधी सात दिवसांची वहीची परीक्षा घ्यावी. मुलाला अवघड जाणारा एक धडा निवडा. पहिल्या दिवशी त्यातली पाच उदाहरणं वहीत सोडवायला लावा आणि किती बरोबर आली ते लिहून ठेवा. पुढचे पाच दिवस ट्रायल ॲपवर तोच धडा करू द्या. सातव्या दिवशी फोन बाजूला ठेवून त्याच धड्यातली दुसरी पाच उदाहरणं द्या. पालक शिकलेले नसले तरी चालतं, वही गुरुजींना दाखवा. दोनाचे चार बरोबर आले, तर ॲपमध्ये दम आहे. दोनाचे दोनच राहिले, तर ॲनिमेशन कितीही भारी असो, आपल्या पोराच्या कामाचं नाही.

अडकलाच असाल तर

आधी ऑटो-पे रद्द करा. मग कंपनीला ईमेलवर किंवा ॲपच्या तक्रार विभागात लेखी कळवा. नुसता फोन करू नका, फोनचा पुरावा राहत नाही. तारीख, बिल, विक्रेत्याचे व्हॉट्सॲप मेसेज यांचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. 'आवडलं नाही तर पैसे परत' असं विक्रेत्याने मेसेजमध्ये लिहिलं असेल, तर तोच तुमचा मोठा पुरावा.

कंपनीने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तिथेही काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तिथे तक्रारीची फी लागत नाही, आणि 'ई-जागृती' पोर्टलवरून घरबसल्या तक्रार करता येते. हप्त्याच्या कर्जाची तक्रार आधी त्या वित्त कंपनीकडे लेखी करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्यासाठी चौकशीचा नंबर १४४४८ आहे. तोपर्यंत हप्ता एकदम थांबवण्याआधी नीट सल्ला घ्या, नाहीतर सिबिलचा फटका बसतो. ओटीपी घेऊन सरळ फसवणूकच झाली असेल, तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा. नको असलेले विक्रीचे फोन बंद करायला १९०९ वर नोंदणी होते.

पुढच्या वेळी असा फोन आला तर विक्रेत्याला चार प्रश्न विचारा. बालभारतीचे धडे मराठीतून आहेत का? महिन्याच्या बोलीवर मिळेल का? हे कर्ज आहे का? पैसे परत मिळण्याची अट लेखी पाठवता का? चारही उत्तरं व्हॉट्सॲपवर लिहून आली तर विचार करायला हरकत नाही. नाही आली तर ते पैसे मुलाच्या वह्यांना, डेटा पॅकला आणि गावातल्या त्या शिकवणाऱ्या ताईला द्या.